जननपेशींच्या मागावर एक रात्र

झेब्राफिश हे छोटे मासे उजाडताच अंडी घालतात, त्यामुळे मला जो प्रवास बघायचा होता तो दुपारी सुरू होऊन रात्रभर चालणार होता. अंतर मिलिमीटरच्या आतबाहेर! भ्रूण पारदर्शक, जननपेशी हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाने उजळलेल्या. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यासमोर मी बसून राहिलो.

पुढे ज्यांची अंडी किंवा शुक्राणू होणार, त्या या पेशी. त्या निघतात तेव्हा त्यांचं मुक्कामाचं ठिकाण, म्हणजे जननग्रंथी (अंडाशय किंवा वृषण), तयारच नसते. शिवाय निघतात चार वेगवेगळ्या ठिकाणांहून, कारण आईने अंड्यात ठेवलेलं खास द्रव्य पहिल्या दोन विभाजनांच्या खाचांशी चार पुंजक्यांत साठतं.

चाल बघण्यासारखी. कडेला एक फुगवटा येतो, आतला द्रव त्यात शिरतो, पेशी तिकडे सरकते. थोडं सरळ गेली की थबकते, चहूकडे फुगवटे काढते आणि नवी दिशा धरते. दिशा दाखवतं सीएक्ससीएल12 हे प्रथिन. ते सोडणाऱ्या जागा बदलत जातात, म्हणून पेशीही मुक्काम करत करत पुढे जातात. मागे उरलेलं प्रथिन आजूबाजूच्या पेशी सीएक्ससीआर7 या ग्राहकाने (पेशीच्या पृष्ठभागावरच्या, ते प्रथिन पकडणाऱ्या रेणूने) ओढून गिळतात. नाहीतर जुन्याच मुक्कामाचं बोलावणं येत राहील आणि पेशी भरकटतील. मला या सगळ्या व्यवस्थेत हे झाडूकामच सर्वांत हुशारीचं वाटलं. अंडी घातल्यापासून 24 तासांच्या सुमारास बहुतेक जणी पोहोचतात.

कोंबडीच्या भ्रूणात एवढी पायपीट नाही. तिथे जननपेशी रक्तात शिरतात, वाहत जातात आणि होणाऱ्या जननग्रंथीजवळ बाहेर पडतात. फळमाशीत सुरुवातीचा टप्पा आयताच: भ्रूणाचा मागचा भाग आत वळताना त्यांना आतड्याच्या कप्प्यात घेऊन जातो, तिथून भिंत ओलांडणं मात्र त्यांचं त्यांनाच करावं लागतं.

उंदरात सातव्या दिवसाच्या आसपास त्या जेमतेम 40 असतात. आतड्याच्या मागच्या भागातून जननग्रंथीकडे जाताना वाटेतच वाढत जातात आणि पोहोचेपर्यंत हजारोंवर जातात. ज्या चुकून मध्यरेषेजवळ राहतात त्या सहसा मरतात. बॅक्स हे पेशींना मरायला लावणारं जनुक नसलेल्या उंदरांत मात्र तिथेच जगून राहतात. माणसात छातीत किंवा माकडहाडाजवळ आढळणाऱ्या जननपेशींच्या काही गाठींचं मूळ अशाच वाट चुकलेल्या पेशींत असावं, असं मानलं जातं.