मागे राहिलेली पिल्लं

गावठी कोंबडीचा हिशोब रोखठोक असतो. आधी फुटलेली पिल्लं वाळून चिवचिवायला लागली की त्यांना घेऊन ती उतरते, मागच्या अंड्यांकडे वळूनही बघत नाही. आषाढात आमच्या तांबडीने हेच केलं. पाटीत राहिली दोन ओली पिल्लं आणि पिल्लाने आतून टोचलेलं एक अंडं. आमच्या चिपळूणकडे आषाढात धुतलेले कपडे वाळत नाहीत, तिथे पिल्लं कुठून वाळायची! हातात घेतली तर पाय गारठलेले.

सासूबाई गूळपाणी घेऊन आल्या. म्हटलं, "आई, आत्ता नको, आधी ऊब." गारठलेल्या पिल्लाच्या चोचीत पाणी ओतलं तर ते छातीत जायची भीती. शिवाय फुटण्याआधी उरलेला बलक पिल्लाने पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर दोन दिवस सहज निघतात.

खोका घेतला, तळाला गोणपाट घातलं. रद्दी पेपर अजिबात नको, गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात. बल्बसाठी मात्र वणवण झाली. सगळीकडे एलईडी, ते उजेड देतात, ऊब नाही. शेवटी एका दुकानदाराने माळ्यावरून ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब काढून दिला. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटर ठेवला होता, पण खरं पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून ओरडली तर थंडी, कोपऱ्यात चोच उघडून बसली तर उकाडा. लाइट गेली की गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवायची, आणि लाइट तर रोजच जाते.

टोचलेल्या अंड्याने सगळ्यांचा जीव खाल्ला. भोकातून चोच हलताना दिसायची, आवाज यायचा, पुढे काही नाही. "अगं सोडव त्याला, गुदमरेल!" मी हात लावला नाही. टोचल्यापासून बाहेर यायला चोवीस तासही लागतात. कवचाआतल्या पापुद्र्यातल्या शिरांत तोवर रक्त वाहत असतं, बलक आत जायचा असतो. ओढून काढलं तर रक्त जातं. पापुद्रा सुकू नये म्हणून शेजारी ओल्या फडक्याची वाटी ठेवली, बस. सकाळी पिल्लू बाहेर, पण दोन्ही पाय बाजूला फाकलेले, बेडकासारखे.

त्यासाठी औषध नाही, पट्टी आहे. मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी बारीक कापली, पायांच्या दोन्ही नळ्यांना सैल वेढा दिला, मधे बोटभर अंतर ठेवलं आणि मधला भाग दुमडून चिकटवला, म्हणजे पिसं अडकत नाहीत. आधी ते तोंडावर आपटत होतं, मग फडक्याच्या गुंडाळ्यांमधे टेकून उभं केलं. पट्टी रोज बदलायची. या वयात पाय भराभर जाडावतात, जुनी पट्टी रुतते. उशीर केला तर पाय तसेच घट्ट होतात. हे वेळेत झालं, आठवड्याच्या आत पट्टीची गरज उरली नाही.

दुसऱ्या पिल्लाची शी मागे चिकटून वाळली होती, भोकच बंद. कोमट पाण्याचा कापूस धरून ठेवला, मऊ झाल्यावर पुसलं, लगेच बल्बखाली वाळवलं. वाळलेली शी ओढायची नाही, कातडी निघते. आणि शेपटीखालचं भोक वेगळं, त्याच्या पुढे पोटावर असलेली नाभीची खपली वेगळी. ती खपली बरेच जण घाण समजून उपटतात.

तिसऱ्याची नाभी मिटलीच नव्हती. पोट फुगलेलं, मऊ, वास येणारं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघताच सांगितलं, जंतुसंसर्ग आहे, यातून क्वचितच वाचतं, बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. रात्रीत गेलं.

शी चिकटलेलं पिल्लू सावरल्यावर अंधारात तांबडीच्या पंखाखाली सरकवलं, सकाळी तिने आपलं म्हणून फिरवलं. पट्टीवालं पुढे नेलं तर तिने टोचून हाकललं. ते आता स्वयंपाकघरात कणी खातं आणि सासूबाईंच्या पायात येतं.

मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, त्यावरच्या लासोटा लसीची बाटली कमीत कमी शंभर पिल्लांची येते आणि मिसळल्यावर टिकत नाही. म्हणून वाडीतली सगळी पिल्लं एकाच संध्याकाळी आमच्या पडवीत आली, डालग्यांतून. बर्फावरची बाटली मी धरली, डोळ्यात थेंब शेजारच्या काकूंनी सोडले.