हाड शाबूत, पण पाय उचलेना

"हाड मोडलेलं नाही, नुसता मार आहे," असं सांगून, क्रेप बँडेज बांधून काकांना दोन ठिकाणांहून घरी पाठवलं होतं. दीड महिन्याने माझ्याकडे आले ते मुलाचा खांदा धरून, पाय बाजूने फेकत. जिना उतरताना तोल गेला, गुडघा दुमडला, 'खट्' झालं, एवढंच निमित्त. पण काका कित्येक वर्षं डायलिसिसवर होते.

पलंगावर झोपवून म्हटलं, "काका, गुडघा न वाकवता पाय उचला बरं." टाच जागची हलली नाही. गुडघ्याच्या वाटीच्या वर बोट ठेवलं, ते खड्ड्यात गेलं. क्वाड्रिसेप्सचा टेंडन, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू वाटीशी जोडणारा दोर, वाटीपासून सुटला होता. या तपासणीला ना यंत्र लागतं ना पैसा. तरी कुणी केली नाही, याचा राग मला अजून आहे. बाजूने काढलेल्या एक्स-रेत वाटी खाली सरकलेली दिसत होती. पण सगळ्यांनी फ्रॅक्चरच शोधलं.

दोन-तीन आठवड्यांत आले असते तर टोकं सहज जुळली असती. आता स्नायू वर आखडून चिकटला होता. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठेवलं, आदल्या डायलिसिसला हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) टाळायला लावलं, सकाळी रक्तातलं पोटॅशियम पुन्हा पाहिलं. टेंडनचं टोक भिजल्या कागदासारखं, टाका धरेना. निरोगी भाग लागेपर्यंत ते कापत गेलो. पाच नंबरच्या एथिबॉन्डने (न विरघळणारा जाड धागा) टेंडनच्या दोन्ही कडांना क्रॅको टाके, म्हणजे अडकवत नेलेले साखळीसारखे टाके, घातले, वाटीत उभी तीन छिद्रं पाडून धागे खाली ओढून बांधले. ताण उरलाच, म्हणून जुन्या फाटलेल्या टेंडनसाठीच्या कोडिव्हिलाच्या पद्धतीने वरच्या टेंडनमधला त्रिकोणी भाग सोडवून जोडावर उलटवला. मग गुडघा हलकेच वाकवून पाहिला. जोड पक्का होता.

सहा आठवडे गुडघ्याचा ब्रेस (आधाराचा पट्टा) सरळ लॉक. पुढे थोडं थोडं वाकवणं. डायलिसिसच्या दिवशी माणूस इतका गळून जातो की व्यायामाला येणं शक्यच नसतं, म्हणून आमची फिजिओथेरपिस्ट डायलिसिस चालू असताना पलंगापाशी जाऊन मांडी आवळायचे व्यायाम करून घ्यायची. काका आज काठीवर चालतात, यात माझ्यापेक्षा तिचा वाटा मोठा. पाय मात्र अजून शेवटचे दहा अंश स्वतःहून सरळ होत नाही.

परवा काकूंनी विचारलं, "डॉक्टर, दुसरा गुडघा असाच गेला तर?" तो धोका खराच आहे. किडनी निकामी असताना रक्तात फॉस्फरस साठतो, त्याने मानेतल्या ग्रंथींचं पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं. ते बेसुमार वाढलं की टेंडन हाडाशी कमकुवत होतो, आणि काकांचा रिपोर्ट तेच सांगतोय. किडनीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. लिहिता लिहिता काकांना फॉस्फरस कमी ठेवणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारलं. महाग पडतात म्हणून महिन्याच्या शेवटी ते त्या बंद ठेवतात.