बाळाचं पाणी उकळून पुरतं का? : आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय ठरवताना विभागातले जुने अहवाल चाळले. पाण्याचं विश्लेषण बऱ्याच जणांनी केलेलं होतं. पीएच, काठिण्य, क्षार, आणि शेवटी पाणी पिण्यायोग्य आहे की नाही याचा निष्कर्ष. पण तो निष्कर्ष ते पाणी पिणाऱ्यांना कुणी कळवला का, याबद्दल कुठेच ओळ नव्हती. हे मला फार खटकलं. मॅडमना म्हटलं, आधी लोकांना विचारू, मग काय मोजायचं ते ठरवू. त्या लगेच तयार झाल्या.

शेतांना लागून असलेल्या वस्तीतल्या विहिरी आम्ही निवडल्या. तिथल्या एका ताईंनी विचारलं, "बाळाला वरच्या दुधासाठी पाणी उकळून घेते. तेवढं पुरतं ना?" आमचा प्रोजेक्ट खरा सुरू झाला तो इथून. उकळल्याने जंतू मरतात, पाण्यात विरघळलेलं नायट्रेट (नायट्रोजनचा एक क्षार) मात्र जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. आणि नायट्रेट जिथून येतं ते सगळं त्या विहिरींभोवती होतं: खत घातलेली शेतं होती, शेणाचे उकिरडे होते, शोषखड्डे होते.

तान्ह्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. बाळ निळसर पडतं. विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध हंटर कॉम्ली या अमेरिकी डॉक्टरने १९४५ मध्ये दाखवला. तेव्हा आम्ही बाकीची यादी बाजूला ठेवली आणि नायट्रेटवरच लक्ष दिलं.

परवानगी मिळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता असं मला आजही वाटतं. एका काकांनी सरळ नकार दिला: "विहीर खराब निघाली तर माझं नाव बदनाम होणार." त्यांची भीती रास्त होती. त्यांची विहीर आम्ही घेतली नाही. बाकीच्यांना नावाऐवजी सांकेतिक क्रमांक दिले, आणि कुठला क्रमांक कुणाचा ही वही मॅडमच्या कपाटात राहिली.

नमुने घेणं त्यामानाने सोपं. बाटली त्याच पाण्याने विसळायची, भरायची, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणायची. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, २२० नॅनोमीटर तरंगलांबीला नायट्रेटचं रीडिंग घ्यायचं. तिथे सेंद्रिय पदार्थही प्रकाश शोषतात, म्हणून २७५ ला दुसरं रीडिंग घेऊन त्याची दुप्पट वजा करायची. दर खेपेला ब्लँक, म्हणजे तुलनेसाठी नायट्रेट नसलेलं शुद्ध पाणी, आणि काही नमुने दोनदा.

आकडे वाचताना एका गोष्टीकडे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, पण ती नायट्रेट म्हणून. काही ठिकाणी तेच प्रमाण नायट्रोजन म्हणून, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून देतात, तेव्हा मर्यादा ११ च्या आसपास येते. प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक तक्त्यावर एकक लिहावंच.

काही विहिरी मर्यादेच्या वर निघाल्या. अहवाल कॉलेजात जमा करण्याआधी आम्ही घरोघर गेलो. प्रत्येक घराला त्यांच्या विहिरीपुरता एक कागद दिला: काय तपासलं, किती निघालं, आणि जंतूंची तपासणी आम्ही केलेली नाही हेही. तो शेवटचा मुद्दा मोठ्या अक्षरांत होता, कारण नायट्रेट कमी निघालं म्हणजे पाणी सगळ्या बाजूंनी चांगलं, असा समज लगेच होतो.

त्या ताईंची विहीर मर्यादेच्या वर होती. "मग आता काय करू?" या त्यांच्या प्रश्नाला नुसता आकडा पुरणार नव्हता. बाळापुरतं पाणी कमी नायट्रेटच्या विहिरीवरून आणा, तेही उकळूनच द्या, साध्या गाळणीने नायट्रेट जात नाही, असं सांगितलं. ती विहीर कुणाची हे सांगण्याआधी तिच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, "त्यात विचारायचं काय? खुशाल न्या."

नकार देणाऱ्या काकांनी हे कागद पाहिले आणि स्वतःच बाटली भरून आणून दिली. तोवर आमचं सेमिस्टर संपत आलं होतं, तरी तीही तपासली. पावसानंतर जमिनीतलं नायट्रेट झिरपून विहिरीत उतरतं, त्यामुळे तेव्हाचे नमुने घेणं गरजेचं आहे. ते काम पुढच्या वर्षीच्या ग्रुपने घेतलं आहे.