तुम्ही विचारलंत म्हणून: हर्शीच्या बेअर्सचं एवढं काय आहे?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना जवळचं हर्शी गाव म्हणजे चॉकलेट आणि मुलांना घेऊन जायचं पार्क, एवढंच ठाऊक असतं. आइस हॉकीचा हंगाम सुरू झाला की शनिवारी संध्याकाळी आम्ही घरी नसतो, बेअर्स या हर्शीच्या टीमचा सामना बघायला जातो, हे कळल्यावर प्रश्न येतोच: "फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन दोन-दोन तासांवर, दोन्हीकडे एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, टीम. मग या खालच्या लीगमध्ये काय बघता? त्यात खेळाडू आज आहे तर उद्या नाही!"

खेळाडू टिकत नाहीत हे अगदी खरं. मला तर त्याचीच गोडी लागलीय.

हर्शी बेअर्स खेळतात अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलच्या एक पायरी खाली. वॉशिंग्टन कॅपिटल्स या एनएचएलच्या टीमशी त्यांचं आताचं नातं 2005 पासूनचं. एनएचएलच्या टीमला हंगामात 23 खेळाडू हाताशी ठेवता येतात, करार मात्र 50 जणांशी करता येतो. उरलेल्यांतले बरेचसे इथे येतात. पुष्कळांच्या करारात पगाराचे दोन आकडे असतात, वरचा वेगळा आणि इथला वेगळा, आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे वॉर्म-अपला मी आधी कोण नाही ते बघते. वॉशिंग्टनमध्ये कुणाचा गुडघा दुखावला की इथला डावा विंगर सकाळीच पसार झालेला असतो. त्याच्या जागी साउथ कॅरोलिनाच्या स्टिंगरेजकडून, म्हणजे आणखी एक पायरी खालच्या ईसीएचएल लीगमधून, एखादा पोरगा आलेला असतो. बाकीचे गप्पा मारत पक, म्हणजे रबरी चकती, टोलवत असतात, हा एकटाच घाम गाळत असतो. तो पुढच्या शनिवारी दिसेल याची खात्री त्यालाही नसते.

म्हातारे कितीही चांगले असले तरी त्यांनाच खेळवता येत नाही. सामन्याला 18 स्केटर आणि दोन गोलकीपर. त्या 18 मध्ये निदान 12 जणांचे व्यावसायिक सामने 260 च्या आत हवेत, आणखी एकाचे 320 च्या आत. म्हणजे मुरलेल्यांना जागा पाचच. त्या पाचांत कुणाला बसवायचं, हे कोचचं रोजचं दुखणं. 2023 आणि 2024 चे कॅल्डर कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद, जिंकले तेव्हा कॅप्टन होता डायलन मॅकिलरथ, धिप्पाड बचावपटू. गोल त्याच्याकडून कुणी मागत नव्हतं. पोरांच्या अंगावर कुणी आलं की हा पुढे. माझ्या मते असल्या माणसांवरच ही लीग चालते.

ख्रिस बोर्क तर मला फारच आवडायचा. वडील रे बोर्क, एनएचएलमधले 1600 हून अधिक सामने खेळलेले दिग्गज. पोराच्या वाट्याला तिथे पन्नासएक सामने आले. पण बापाला कारकिर्दीत एकच स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळाला, तोही अगदी शेवटी, आणि पोराने हर्शीत तीन कॅल्डर कप उचलले: 2006, 2009, 2010. एनएचएलमध्ये फुकट गेला म्हणणाऱ्यांनी म्हणावं. उलटं उदाहरण जे बीगलचं. ईसीएचएलचा केली कप, मग हर्शीत दोन कॅल्डर कप आणि 2018 मध्ये वॉशिंग्टनसोबत स्टॅनली कप. तिन्ही पायऱ्यांवर कप जिंकलेला तो पहिलाच खेळाडू.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. माणसं बदलतात, मग टीम म्हणून उरतं काय? इथे तर वरची एनएचएलची टीमसुद्धा बदलत आलीय. 1988 मध्ये प्लेऑफचे बाराच्या बारा सामने जिंकून कप आणला तो फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या पोरांनी, 1997 चा कोलोराडोच्या. हर्शीचं नाव तेच राहिलं. 1932 मध्ये सुरुवात झाली तेव्हा टीमचं नाव होतं 'बार्स', चॉकलेटच्या बारवरून. ही उघडउघड जाहिरात झाली, अशी ओरड झाल्यावर 1936 मध्ये 'बेअर्स' केलं. 1938 पासून याच लीगमध्ये आहेत, एकही हंगाम न चुकवता. शिवाय 13 कप. एवढे दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

या लीगमध्ये एका गावात टिकणं ही साधी गोष्ट नाही. 2015 मध्ये एकाच झटक्यात पाच टीम कॅलिफोर्नियात हलवल्या. त्यातली मँचेस्टरची टीम तर त्याच वर्षी कप जिंकून गेली. गाव टाळ्या वाजवतंय आणि टीमचं सामान बांधून तयार! बेअर्सची मालकी हर्शीच्या मनोरंजन कंपनीकडे आहे. त्या कंपनीमागे मिल्टन हर्शींनी गरजू मुलांच्या शाळेसाठी केलेला ट्रस्ट. पार्क, हॉटेलं आणि टीम एकाच घरातली, त्यामुळे ती कुणी उचलून नेईल ही भीती नाही.

टेडी बेअरचा सामना तुम्ही व्हिडिओत पाहिला असेल. हर्शीचा पहिला गोल झाला की प्रेक्षक बर्फावर खेळणी फेकतात, ती नंतर गरजू मुलांना जातात. 5 जानेवारी 2025 ला 1,02,343 पडली. स्टेडियम जेमतेम साडेदहा हजारांचं, म्हणजे माणशी दहा! लोक पोती भरून आणतात. विक्रमाची ती चढाओढ मला थोडी अतीच वाटते, शिवाय खेळणी उचलून होईपर्यंत खेळ ठप्प. पण खेळाडू त्या ढिगात सूर मारतात, तेव्हा मीही फोन काढतेच.

त्यापेक्षा 2024 ची फायनल बघायला हवी होती. सहावा सामना, 24 जून, समोर कॅलिफोर्नियाची कोचेला व्हॅली टीम, ओव्हरटाइममध्ये मॅट स्ट्रोमचा गोल, 5-4. लागोपाठ दुसरा कप. आदल्या वर्षीही त्याच टीमला, तेव्हा त्यांच्या घरी, सातव्या सामन्यात ओव्हरटाइमलाच हरवलं होतं.

तुम्ही पार्कसाठी जूनमध्ये येता, तेव्हा हंगाम बहुधा संपलेला असतो. पण बेअर्स फायनलला पोचले तर सामने जूनमध्येच असतात. तेव्हा विमानाची तिकिटं काढायच्या आधी मे महिन्यात मला एक फोन करा.