‘वर्म’ची वही : ४१ वरून ५६ चिठ्ठ्या

‘वर्म’ (worm, म्हणजे किडा, जंत) या इंग्रजी शब्दाच्या गोतावळ्यातले शब्द मी चिठ्ठ्यांवर लिहून वहीत जमवतोय; त्या चिठ्ठ्या आता ४१ वरून ५६ झाल्या. पण एक जुनी फाडून नव्याने लिहावी लागली, ते आधी सांगतो.

तिच्यावर मी लिहिलं होतं : वर्म म्हणजेच आपला कृमी, मूळ एकच. चूक. वर्मचा सख्खा भाऊ लॅटिन ‘वर्मिस’, आणि या घराण्याचं मूळ ‘वळणे’ अशा अर्थाच्या धातूशी जोडतात. वळवळणाऱ्या जिवाला शोभणारं नाव! कृमीचं घराणं निराळं, त्यात फारसी ‘किर्म’ येतो. नुसत्या यमकावर मी नातं जुळवलं होतं.

मात्र हा किर्म इंग्रजीत दुसऱ्या दाराने शिरलाय. केर्मिस नावाच्या किड्यांपासून लाल रंग काढत. त्या किर्मवरून अरबी ‘किर्मिझ’, तिथून स्पेनमार्गे ‘क्रिमझन’, म्हणजे गडद लाल. आणि आपला किरमिजी! आईच्या किरमिजी शालूत आणि इंग्रजी क्रिमझनमध्ये एकच किडा आहे, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. व्हर्मिलियन, म्हणजे शेंदरी लाल, हेही किड्यावरूनच, पण ते वर्मिसच्या घरातलं. शेवयांसारखी व्हर्मिसेली म्हणजे ‘बारके किडे’, तीही त्याच घरातली.

रिंगवर्म म्हणजे नायटा, ती बुरशी. ग्लो-वर्म म्हणजे काजवा. स्लो-वर्म हा बिनपायांचा सरडा. जुन्या इंग्रजीत ‘विर्म’मध्ये साप आणि ड्रॅगनही येत, त्याची ही खूण.

महिन्याचा बराच वेळ खाल्ला तो ‘वर्मवुड’ने. या कडू झुडपाच्या नावात मुळात ना किडा, ना लाकूड. जुना शब्द ‘वेर्मोड’, जर्मनमध्ये ‘वेर्मुट’. बोलणाऱ्यांच्या कानाला त्यात वर्म आणि वुड ऐकू आलं. झुडूप जंतांवर देत असत, म्हणून ती फोड पटली आणि टिकली, असं मला वाटतं. वर्मवुड घातलेल्या वाइनला त्याच वेर्मुटवरून व्हर्मुथ म्हणतात.

वर्मवुड ज्या प्रजातीतलं, ती आर्टेमिसिया आपल्याला परकी नाही. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून किरमाणी ओवा आणला. जंतांवर घरोघरी द्यायचे तोच. नावात ओवा असला तरी तो ओव्याच्या नव्हे, शेवंतीच्या कुळातला, आणि आर्टेमिसियाच. चिमूटभर जिभेवर ठेवला; कारलं बरं म्हणायची वेळ आली. आणि चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा? तोही आर्टेमिसिया. फुलबाजारातून एक जुडी आणून वहीत ठेवलीय, पानापानाला वास लागलाय.

शेवटची चिठ्ठी चेर्नोबिलची. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात वर्मवुड नावाचा तारा पडून पाणी कडू होतं, म्हणून तिथल्या अणुवीज केंद्रातल्या १९८६ च्या अपघातानंतर चेर्नोबिल म्हणजेच वर्मवुड असं पुष्कळ लिहिलं गेलं. खरं तर ते नाव वर्मवुडच्या चुलतभावाचं, इंग्रजीत ज्याला मगवर्ट म्हणतात त्याचं. आपल्याकडे त्याच्या अगदी जवळचा तो ढोरदवणा.

मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या भागांत ढोरदवण्याला आणखी काय म्हणतात? कुणाच्या आजीला ठाऊक असेल तर विचारून नक्की कळवा. पुढची चिठ्ठी त्यासाठी कोरी ठेवलीय.