आजोबांची हत्यारपेटी: पटाशा झाल्या, रंधा मार्गी लागला

चार पटाशांचा (लाकूड कोरायच्या छिन्न्यांचा) गंज काढून गेल्या आठवड्यात झाला, त्यांचं आधी थोडक्यात. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. पटाशी ऋण टोकाला, जुनी लोखंडी सळई धन टोकाला, आणि दोघींचा एकमेकींना स्पर्श नको. सकाळी गंज काळा, भुसभुशीत होऊन ब्रशने निघाला. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील मात्र कधीच लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. बादली उघड्या गॅलरीत ठेवा, कारण निघणारा हायड्रोजन पेट घेतो. मुठी आधी काढून घ्या.

आता रंधा. महिनाभर मन त्यातच होतं.

आजोबा राजापूरजवळच्या आमच्या गावात सुतारकाम करायचे. त्यांच्यामागे पेटीने वीस पावसाळे माळ्यावर काढले. यंदा काकांनी ती माझ्या हवाली केली. रंध्याचा ठोकळा बाभळीचा. तळाला, पात्याच्या तोंडासमोर, शिसवीचा बोटभर तुकडा बसवलेला दिसला. मला वाटलं, चीर बुजवली असेल. तो काढून नीट नवा बसवायचं मी ठरवूनही टाकलं होतं. मग लक्षात आलं. तळ झिजतो, आपण तो पुन्हा सपाट करतो, आणि प्रत्येक वेळी पात्यापुढची फट थोडी रुंदावते. फट रुंद झाली की ढलपी सुटण्याआधीच लाकडाचे रेषे उपटून येतात. आजोबांनी त्या तुकड्याने रंध्याचं तोंड पुन्हा लहान केलं होतं. जोडात आजही कागद शिरत नाही. त्याला मी हात लावला नाही.

पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं. धुतल्यावर त्यावर एक आडवी रेघ उमटली: एका बाजूला करडं, एका बाजूला गडद. जुनी पाती अशी दोन धातूंची असतात. मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर भट्टीत जोडलेला असतो, आणि धार धरतो तो फक्त पोलादाचा भाग. आम्लाने पोलाद जास्त काळवंडतं, म्हणून सीमा दिसते. वर ‘शेफील्ड’ची, म्हणजे इंग्लंडमधल्या पोलादाच्या शहराची, अक्षरं अर्धवट शिल्लक आहेत. मोजलं तर पोलाद जेमतेम पाऊण इंच उरलंय. बाकीचं आजोबांनी दारं-खिडक्यांवर खर्च केलं. ती रेघ बघत मी बराच वेळ बसलो होतो.

त्यामुळे ग्राइंडर बाद. ग्राइंडरवर तापून पातं ३०० अंशांच्या आसपास निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडून धार टिकत नाही. तेवढा तुकडा घासून टाकण्याइतकं पोलाद इथे नाही. सगळं काम दगडावर, हाताने. उतार २५ अंशांचा, टोकाशी ३० अंशांचा. पात्याची पाठ सपाट करायला तीन संध्याकाळी लागल्या, तीही फक्त धारेजवळची बोटभर पट्टी. वरचे गंजाचे खड्डे राहू दिले. धारेत एक खाच आहे. ती काढायला दोन मिलिमीटर घासावे लागले असते. मी काढली नाही. रंधलेल्या फळीवर तिची एक बारीक उभी रेघ उठते. चारदोन वेळा धार लावली की ती आपोआप कमी होईल.

ठोकळ्याला जवसाचं तेल दिलं. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, आतल्या आत तापून पेटतं. दोरीवर पसरून वाळवा. ठोकळ्यावर अंगठ्याने पडलेला खळगा तसाच ठेवलाय. माझा अंगठा त्यात बसत नाही, आजोबांचा हात रुंद होता.

खंडेनवमीला पेटी पुजायची आहे, तोवर करवत उरते. तिधारी कानस आणून ठेवली आहे. काही दात बाकीच्यांपेक्षा जास्त तिरके आहेत, आणि ते चुकून झालेले वाटत नाहीत. आधी सगळे दात कागदावर ठसे घेऊन उतरवतो, मग कानस लावतो.