काच किती एमएमची, हे नंतर बघू

सोसायटीत कुणी घराचं काम काढलं की मला फोन येतोच. "ताई, खिडकीला पाच एमएम घालू की सहा?" माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, कराडला ओगलेवाडीच्या रस्त्यावर काचेचं दुकान होतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. ओगलेवाडी म्हणजे प्रभाकर कंदिलांची, तीच. दुकानात कंदील नव्हते. तसबिरी, आरसे आणि खिडक्यांच्या काचा.

अण्णा गिऱ्हाइकाला जाडी आधी कधीच विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "खिडकी कुठल्या तोंडाची? आणि खिडकीखाली झोपतं कोण?" गिऱ्हाईक बावचळायचं. पण या दोन उत्तरांवर निम्मं काम ठरतं, असं मला आजही वाटतं.

तोंडाचं आधी सांगते. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो, हॉलची खिडकी पश्चिमेची. एप्रिलमध्ये चारनंतर ऊन थेट सोफ्यावर. छज्जा आहे, पण तोवर सूर्य इतका खाली आलेला असतो की ऊन छज्ज्याखालून आत शिरतं. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा कामाचा, पश्चिमेला नाही. अशा ठिकाणी दुकानदार दुहेरी काच, म्हणजे डीजीयू, गळ्यात मारतात. सांगताना यू-व्हॅल्यू सांगतात: एकेरी काचेचा ५.७ च्या आसपास, दोन साध्या काचांमध्ये १२ एमएम हवा ठेवली की २.८. आकडा निम्म्यावर आला म्हणजे उकाडाही निम्मा होणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तसं होत नाही. हा आकडा आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून जाणाऱ्या उष्णतेचा. आपल्याला भाजतं ते थेट ऊन, आणि त्याचा आकडा वेगळा असतो, एसएचजीसी. साध्या काचेला तो ०.८ च्या वर, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हाची ऐंशी टक्क्यांहून जास्त उष्णता घरात. साध्या काचांची डीजीयू केली तरी तो ०.७ च्या आसपासच राहतो. सोलर कंट्रोल कोटिंगची काच घेतली तर ०.४ किंवा त्याहून खाली येतो. तेव्हा पश्चिमेला डीजीयू घ्यायचीच तर कोटिंगची घ्या आणि कोटिंग कुठल्या बाजूला येणार ते लिहून घ्या. नाहीतर ग्रिलला बाहेरून बांबूची चिक लावा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, चिक बाहेरच अडवते. आमच्याकडे चिकच आहे.

निळी मिरर काच मला आवडत नाही, हे माझं वैयक्तिक. पण लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही, आणि संध्याकाळी घरात दिवा लागला की नेमकं उलटं होतं. जुन्या साध्या काचेवर काळी फिल्म चिकटवण्याआधीही विचार करा. फिल्म लावलेली काच जास्त तापते, फ्रेममध्ये दडलेली तिची कड मात्र गार राहते. कडेला एखादा टवका उडालेला असेल तर तिथूनच तडा चालू होतो.

आता खिडकीखाली कोण झोपतं ते. साधी काच फुटली की लांब, टोकदार तुकडे पडतात. टफन्ड काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचे थर आधी घट्ट होतात, आतला नंतर आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट ताकदीची, आणि फुटलीच तर खडीसाखरेएवढे बोथट खडे होतात. पण मधोमध ठोसा सोसणारी ही काच कडेला पेचकसाचं टोक लागलं तरी अख्खी उडू शकते. टफन्ड झाल्यावर ती कापताही येत नाही, कडेला घासताही येत नाही. माप चुकलं तर काच गेली. आणि क्वचित कुणी हात न लावताही ती फुटते. काच बनताना निकेल सल्फाइडचा अगदी सूक्ष्म कण आत राहिला असेल तर तो हळूहळू फुगतो आणि एखाद्या दुपारी आवाज होतो. आमच्या इथे सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीची काच अशीच गेली. ते काका अजूनही शेजारच्या मुलांच्या क्रिकेटवर संशय घेतात.

काच फुटल्यावर जागच्या जागी राहायला हवी असेल तर लॅमिनेटेड. दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पातळ थर, ०.३८ एमएमच्या पटीत: ०.३८, ०.७६, १.५२. गाडीची पुढची काच असते तीच जात. तडे जातात, पण तुकडे थराला चिकटून राहतात. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. जमिनीपासून उठणाऱ्या खिडकीला आणि सरकत्या दाराला टफन्ड. पलंग किंवा पाळणा खिडकीला लागून असेल तिथे लॅमिनेटेड. बाल्कनीच्या काचेच्या कठड्याला दोन्ही काचा टफन्ड करून लॅमिनेटेड, तिथे तडजोड नको. नुसती टफन्ड फुटली तर कठडाच उरत नाही. स्वयंपाकघराच्या लहानशा उंच खिडकीला साधी पाच एमएम चालते, बाथरूमच्या लुव्हर्सला पिनहेड, म्हणजे बारीक दाण्यांची, आरपार न दिसणारी काच. तिथे पैसे घालवू नका.

दिलेली काच टफन्डच आहे का? कोपऱ्यात न पुसणारा शिक्का असतो तो बघा. बिलावरही तसं लिहून घ्या. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून तिरकं बघा, झोत बसलेल्या जागी पुसट ठिपके किंवा पट्टे दिसतात. साध्या काचेत असलं काही दिसत नाही. लॅमिनेटेडची कड उजेडात धरली की मधली रेघ दिसते. डीजीयूसमोर मोबाइलचा टॉर्च धरा, उजेडाची चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातल्या एकाचा रंग वेगळा असेल तर आत कोटिंग आहे.

रस्त्याच्या आवाजासाठी डीजीयू घालणाऱ्यांना मी आधी उदबत्ती लावायला सांगते. वारं असलेल्या दिवशी खिडकी बंद करून पेटती उदबत्ती शटर जिथे एकमेकांवर येतात तिथे, खालच्या ट्रॅकला, चौकटीच्या कडेने फिरवा. धूर जिथे हलतो तिथून वारा येतो, आणि वारा येतो तिथून हॉर्नही येतो. सरकत्या खिडकीच्या फटीतला ब्रश, म्हणजे केसाळ पट्टी, झिजलेला असताना काच बदलून काही हाती लागत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर तेच झालं: महागडी डीजीयू, फ्रेम जुनीच. बसचा आवाज होता तेवढाच आहे. शिवाय शटर सरकेना झालंय. एक चौरस मीटर काच दर एमएम जाडीला अडीच किलो भरते. चार बाय अडीच फुटांचं शटर पाच एमएमला साडेअकरा किलोचं, तेच सहा-बारा-सहा डीजीयूला, म्हणजे सहा एमएमच्या दोन काचा आणि मध्ये बारा एमएम हवा, अठ्ठावीसचं. जुनी बेअरिंग ते कसं ओढणार? आवाजच थांबवायचा असेल तर चारी बाजूंनी रबरावर दाबून बसणारी, दारासारखी उघडणारी खिडकी आणि त्यात लॅमिनेटेड. गणपतीतल्या डीजेचा ठोका मात्र त्यातूनही येतो.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा, उंचीही तशीच, आणि लहानात लहान आकडा धरायचा. दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले नाहीत तर चौकट काटकोनात नाही. अण्णा मापातून सूतभर कमी करूनच काचेवर हिरा फिरवायचे, कारण फ्रेम तापून फुगते आणि काचेला हलायला जागा लागते. फ्लोट काच, म्हणजे आजची सपाट काच, कराडपर्यंत पोचण्याआधी काच ओढून बनवलेली, लाटांची यायची. तिच्या लाटा आडव्या येतील अशीच ते ती बसवायचे, म्हणजे बाहेरचा माणूस चालताना वाकडातिकडा दिसत नाही. वाड्यात राहणाऱ्यांनी आपल्या जुन्या काचा या नजरेने एकदा बघाव्यात.

निगा म्हणाल तर कोरड्या फडक्याने झाडू नका. पुण्याची धूळ म्हणजे बारीक वाळू, तिने चरे पडतात. आधी पाणी, मग भांड्यांच्या साबणाचा थेंब, रबराचा वायपर, शेवटी वर्तमानपत्र. उन्हात पुसू नका, पाणी सुकून ओघळ राहतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं लावून ठेवलं की निघतात. पण ते पाणी कडप्प्यावर किंवा मार्बलच्या पट्टीवर गळू देऊ नका, हे दगड आंबटाने खरवडले जातात. टॉयलेटचं ऍसिड तर नकोच, ॲल्युमिनियम काळं पडतं. सोसायटीचं प्लास्टर-रंगकाम निघालं की काचांवर प्लास्टिक बांधून घ्या. सिमेंटचं पाणी काचेला खातं, आणि सुकून राहिलं तर तो डाग पुढे कशानेच जात नाही. डीजीयूच्या दोन काचांमध्ये धुकं दिसलं तर पुसायची धडपड करू नका. सील गेलंय, ते युनिट बदलायचं.

पावसाआधी खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं जुन्या टूथब्रशने मोकळी करा आणि तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता. ते बाहेर गेलं पाहिजे. घरात आलं तर भोकं बुजलेली आहेत किंवा पट्टीचा उतार आत आहे. अशा वेळी कडेने सिलिकॉन थापून घेतात, आणि भोकंही त्यातच बुजतात. सिलिकॉन लावायचंच तर जुनं ब्लेडने पूर्ण खरवडून. जुन्यावर नवं धरत नाही. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती नळी लॅमिनेटेडच्या, डीजीयूच्या किंवा आरशाच्या कडेला लावू देऊ नका, तिथे न्यूट्रल, म्हणजे असा वास नसलेलं सिलिकॉन लागतं. आणि हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरका. जूनमध्ये फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवणारा, फोन उचलत नाही, आणि उचलला तरी ओल्या फटीत सिलिकॉन नीट चिकटत नाही.